खंडित पाठ आणि आत्मरक्षणाचा कायदा

पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिचीं पानें मोजतो. आदि-अंत शाबूत आहे कीं नाहीं, मधलें पान गळालें आहे काय, लेखनिकानें कोठें ओळ टाकली आहे काय, हें ठरल्याशिवाय तिच्या अर्थाचा वाद तो आरंभीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगण्याचा हक्क व आत्मरक्षणार्थ केलेला वध यांविषयीं गेलीं पन्नास वर्षें जो वाद चालला आहे, त्याचें दप्तर याच नजरेनें तपासावें, असा या लेखाचा हेतु आहे. तेथील राजकारणांत पक्ष घेणें हें आमचें काम नव्हे. परंतु ज्या पाठावर माणसांचे जीव अवलंबून आहेत तो पुरा वाचला जातो कीं अर्धा, हें विचारण्याचा अधिकार पाठचिकित्सेस खचित आहे.

वादाचें मूळ अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तींत आहे. ता. २५ सप्टेंबर १७८९ रोजीं काँग्रेसनें ती संमत केली व ता. १५ डिसेंबर १७९१ रोजीं ती घटनेचा भाग झाली. वाक्य एकच आहे. पूर्वार्धांत, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस सुव्यवस्थित नागरिकसेना आवश्यक असते, असें कारण सांगितलें आहे. उत्तरार्धांत, लोकांचा शस्त्रें बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क भंगला जाऊं नये, अशी आज्ञा आहे. मीमांसकांच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला भाग हेतुनिर्देश व दुसरा भाग विधि होय. हेतूनें विधीचा संकोच होतो, कीं हेतु बाजूस सारूनही विधि स्वतंत्र उभा राहतो, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यावर ग्रंथांचे ढीग रचले गेले आहेत.

पाठभेदांचा विचार करूं. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत जें चर्मपत्र जतन केलें आहे, त्यांत या वाक्यांत तीन स्वल्पविराम आहेत. तत्कालीन कांहीं अन्य प्रतींत एकच आहे. त्या काळच्या लेखनांत विरामचिन्हांचा नियम सैल होता, हें त्या शतकाचे कागद हाताळणारास सांगावयास नको. तरीही २००७ सालीं कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयानें दुसऱ्या स्वल्पविरामावर बोट ठेवून, त्यानें वाक्याचे दोन भाग पडतात, असें प्रतिपादिलें. ज्या चिन्हाविषयीं प्रतींतच एकवाक्यता नाहीं त्याच्या आधारें अर्थनिर्णय करूं जाणें किती धोक्याचें, हें आपल्या वाचकांच्या सहज लक्षांत येईल.

स्वल्पविरामाहून महत्त्वाचा पुरावा मूळ मसुद्याचा आहे. ता. ८ जून १७८९ रोजीं जेम्स मॅडिसन यानें जो मसुदा मांडला त्यांत क्रम उलटा होता. हक्क प्रथम, नागरिकसेना नंतर, आणि शेवटीं तिसरें एक कलम असें कीं, शस्त्र धारण करण्यास ज्याची धर्मबुद्धि आड येते त्यास जातीनें सैनिकी सेवा करण्याची सक्ति करूं नये. हें तिसरें कलम पुढें गळालें. परंतु ‘शस्त्र धारण करणें’ या शब्दांचा मसुदाकारास अभिप्रेत असलेला अर्थ सैनिकी सेवेकडे झुकतो, असें दाखविणारा समकालीन पुरावा म्हणून त्याची किंमत मोठी आहे. २००८ सालच्या हेलर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं हा अर्थ नाकारून व्यक्तिगत हक्क मान्य केला. चौघांनीं विरोध नोंदविला. बहुमताचें म्हणणें ग्राह्य कीं अग्राह्य, हा विद्वानांच्या मतभेदाचा विषय आहे. मात्र त्या बहुमतानेंही पूर्वार्धाची चर्चा केली होती, व हक्क अमर्याद नाहीं असें स्पष्ट लिहिलें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

आतां प्रतिकारांकडे वळूं. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ सालीं स्थापन झाली. यादवी युद्धांत उत्तरेच्या बाजूनें लढलेल्या दोघां अधिकाऱ्यांनीं, सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून ती काढली. कायदेमंडळांवर दाब आणण्यासाठीं तिनें स्वतंत्र खातें उघडलें तें १९७५ सालीं. आणि १९७७ सालीं सिनसिनाटी येथील वार्षिक सभेंत जुन्या चालकांस दूर सारून जहाल गटानें सत्ता हातीं घेतली. तिच्या फेअरफॅक्स येथील मुख्य कार्यालयाच्या दालनांत भिंतीवर दुसरी दुरुस्ती कोरलेली पाहिल्याचें अनेकांनीं नमूद केलें आहे. त्यांत पूर्वार्ध नाहीं; केवळ उत्तरार्ध आहे. शिलालेखाचा आरंभ छिन्नीनें काढून टाकावा व उरलेलाच अस्सल म्हणून दाखवावा, त्यांतला हा प्रकार होय. याहून उघड खंडित पाठ शोधण्यास दुसरीकडे जावयास नको.

घटनेच्या पाठाचें जें झालें, तेंच आत्मरक्षणाच्या कायद्याचें झालें आहे. घर हा मनुष्याचा गड होय, हें इंग्रजी वचन १६०४ सालच्या सेमेन खटल्याच्या कोककृत वृत्तांतावरून प्रसिद्ध झालें. तो खटला मुळांत कर्जवसुलीचा होता. आणि राजाच्या अंमलदारास कोणत्या प्रसंगीं व कशी वर्दी देऊन त्या गडांत शिरतां येतें, हेंही त्याच निवाड्यांत सांगितलें आहे. घराबाहेर तर सामान्य नियम असा होता कीं, सुरक्षितपणें मागें सरतां येत असेल तोंवर सरावें, व अन्य गति नसेल तेव्हांच प्राण घ्यावा. अमेरिकन न्यायालयांनीं हा नियम बराच पूर्वीं शिथिल केला. ओहायोंत १८७६ सालीं व इंडियानांत १८७७ सालीं, निरपराध मनुष्यानें हल्लेखोरापुढें पळून जाण्याची आवश्यकता नाहीं, असे निवाडे झाले. १९२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तीच दिशा धरली. तेव्हां ‘जागा न सोडण्याचा’ सिद्धांत म्हणजे या संस्थेचीच करणी होय, असें तिचे कांहीं विरोधक म्हणतात, तें इतिहासास धरून नाहीं. नवें काय केलें गेलें तें नेमकें सांगितलें पाहिजे.

नवें झालें तें फ्लॉरिडांत, २००५ सालीं. तेथील कायद्यानें तीन गोष्टी एकत्र केल्या. कायदेशीरपणें जेथें असूं तेथून मागें हटण्याचें कर्तव्य नाहीं. घरांत किंवा गाडींत कोणी बेकायदा बळानें शिरल्यास घरधन्यास वाटलेली भीति वाजवी होती असें गृहीत धरावें. आणि असा वध करणारास फौजदारी व दिवाणी अशा दोन्ही कारवायांपासून अभय असावें. पहिली गोष्ट जुन्या निवाड्यांची वाढ म्हणतां येईल; पण या अभयानें तिला अगदीं निराळें रूप आलें. कायद्याचा पाठपुरावा मॅरियन हॅमर यांनीं केला. त्या संस्थेच्या पूर्वाध्यक्षा होत्या. सीनेटांत विरुद्ध एकही मत पडलें नाहीं.

या कायद्याच्या समर्थनार्थ जी कथा पुनःपुन्हां सांगितली गेली, ती साधनचिकित्सेचा नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. २००४ सालच्या वादळांत घराची नासधूस झाल्यामुळें पेन्साकोला येथें एक वृद्ध गृहस्थ चाकांच्या तात्पुरत्या निवासांत राहत होता. रात्रीं शिरलेल्या एका मनुष्यास त्यानें गोळी घातली, आणि बिचारा कायद्याच्या टांगणीवर राहिला, अशी ती कथा. तिची उत्तरपीठिका अशी कीं, जुन्याच कायद्याखालीं त्याजवर खटला भरला गेला नाहीं. म्हणजे नवा कायदा हवा म्हणून जो दाखला दिला गेला, तोच जुना कायदा पुरेसा असल्याचा पुरावा होता. बखरकार शेवट बदलून गोष्ट सांगतो, तेव्हां आपण त्यास सोडीत नाहीं. कायदेमंडळासही सोडूं नये.

पुढें या मातृकेच्या नकला सर्वत्र गेल्या. संस्थानिक कायदेमंडळांतील सभासदांना तयार मसुदे पुरविणारी अलेक नांवाची एक परिषद १९७३ पासून आहे. तिनें फ्लॉरिडाचा कायदा २००५ सालींच नमुना म्हणून स्वीकारला, आणि थोड्याच वर्षांत वीसांहून अधिक संस्थानांत त्याच धर्तीचे कायदे झाले. निरनिराळ्या गांवच्या पोथ्यांत एकच वाक्यरचना आढळली म्हणजे त्यांचें मूळ एक, असें आपण अनुमान करतों. तें येथें तंतोतंत लागू पडतें. परिणाम काय झाला? २००० ते २०१० या काळाच्या आंकड्यांवरून चेंग व होकस्ट्रा यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, अशा संस्थानांत मनुष्यवध सुमारें ८ टक्क्यांनीं वाढले, आणि घरफोड्या वा लूटमार यांस आळा बसल्याचें दिसलें नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत फ्लॉरिडांतील वाढ सुमारें २४ टक्के व बंदुकीनें झालेल्या वधांतील वाढ सुमारें ३२ टक्के आढळली. त्याच वर्षीं फ्लॉरिडानें अभयाच्या चौकशींतील पुराव्याचा भार आरोपीवरून काढून सरकारपक्षावर टाकला.

वृत्तपत्रांनीं या दप्तराची नोंद कशी ठेवली? ता. २६ फेब्रुवारी २०१२ रोजीं फ्लॉरिडांतील सॅनफर्ड येथें एका सतरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णी मुलास वस्तीवर पहारा करणाऱ्या एका मनुष्यानें गोळी घालून ठार केलें. सहा आठवडे त्यास अटक झाली नाहीं. देशभर गवगवा होऊन खटला चालला, व जुलै २०१३ मध्यें तो निर्दोष सुटला. एका बाजूचीं पत्रें लिहीत राहिलीं कीं तो ‘जागा न सोडण्याच्या’ कायद्यानें सुटला. दुसऱ्या बाजूचीं पत्रें म्हणत कीं त्या कायद्याचा येथें संबंधच नव्हता. कागद पाहावे तर आरोपीच्या वकिलांनीं अभयाची पूर्वचौकशी मागितली नाहीं, हें खरें. पण अटक लांबली तेव्हां पोलिसांनीं त्याच कायद्याकडे बोट दाखविलें होतें, आणि मागें हटण्याचें कर्तव्य नाहीं हे शब्द ज्यूरीस दिलेल्या सूचनांत होते, हेंही खरें. दोन्ही बाजूंनीं अर्धा अर्धा कागद वाचला.

अशीच निवड उलट दिशेनेंही होते. संस्थेच्या मासिकांत अनेक दशकें एक सदर चालत आलें आहे. नागरिकानें बंदुकीनें स्वतःस वांचविल्याचीं वृत्तें त्यांत वेंचून देतात. प्रत्येक वृत्त खरें मानलें तरी तो वेंचा आहे, दप्तर नव्हे. १९९५ सालीं क्लेक व गर्ट्झ यांनीं सुमारें पांच हजार लोकांस दूरध्वनीवरून विचारून, वर्षास पंचवीस लाख वेळां बंदूक आत्मरक्षणार्थ वापरली जाते, असें अनुमान काढलें. सरकारी पाहणीचा आंकडा त्या काळीं एक लाखाच्या आसपास होता. संस्थेच्या बाजूचें लेखन यांपैकीं कोणता आंकडा उचलतें, हें सांगावयास नको. इतर पत्रांचेंही चित्र एकांगी असतें; सामूहिक गोळीबारास रकानेच्या रकाने मिळतात, पण २०२१ सालीं बंदुकीनें मेलेल्या ४८,८३० माणसांपैकीं २६,३२८ आत्महत्या होत्या, ही गोष्ट क्वचितच मथळ्यांत येते.

मूळ नोंदीच होऊं नयेत, अशीही तजवीज झाली. शस्त्रनियंत्रणाचा पुरस्कार करण्यास रोगनियंत्रण केंद्राचा पैसा वापरूं नये, असें कलम काँग्रेसनें १९९६ सालीं घातलें, आणि त्या विषयाच्या संशोधनावर खर्च होत असलेले २६ लाख डॉलर तेथून काढून घेतले. अक्षरशः पाहतां संशोधनास बंदी नव्हती. पण त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ तें जवळजवळ थांबलें. डिसेंबर २०१९ मध्यें अडीच कोटि डॉलर पुन्हां मंजूर झाले. ज्या वर्षांच्या नोंदी त्या काळांत व्हावयाच्या राहिल्या, त्या आतां कोठून आणणार?

येथवर दोषांचें माप मुख्यतः एका बाजूच्या पदरांत पडलें. परंतु संशोधकांनीं लक्षांत ठेवावा असा सर्वांत कठोर दाखला दुसऱ्या बाजूचा आहे. २००० सालीं मायकेल बेलसाइल्स यानें ग्रंथ लिहून, जुन्या अमेरिकेंत बंदुका दुर्मिळ होत्या, असें मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांवरून सिद्ध केल्याचें सांगितलें. ग्रंथास बँक्रॉफ्ट पारितोषिक मिळालें. मग कोणी याद्या उघडून पाहिल्या, तों आंकडे जुळेनात. इतकेंच नव्हे, तर सॅन फ्रान्सिस्कोंत पाहिल्याचें सांगितलेले कांहीं कागद १९०६ च्या भूकंपांत व आगींतच नष्ट झाले होते. २००२ सालीं त्यास प्राध्यापकपद सोडावें लागलें व पारितोषिक परत घेतलें गेलें. सत्पक्षासाठीं का होईना, खोट्या कागदानें त्या पक्षाचेंच नुकसान झालें.

आपल्या धर्मशास्त्रांतही हा प्रश्न आला आहे. आततायी चालून आला असतां विचार न करितां त्यास मारावें, हें मनुस्मृतीचें वचन पुष्कळांच्या तोंडीं असतें. परंतु विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्या वचनाशेजारचीं वचनें घेऊन, गुरु, बाल, वृद्ध यांसही मारावें हा भाग विधि नसून अर्थवाद आहे, असा निर्णय केला. मोकळी परवानगी वाटणाऱ्या वाक्यास त्यानें संदर्भांत बसवून मर्यादा घातली. टीकाकाराचें काम हेंच होय.

हा विषय परक्या देशाचा म्हणून दूर ठेवण्यासारखा नाहीं, याचें कारण शेवटीं सांगतों. २०२२ सालच्या ब्रूएन खटल्यांत अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानें असा दंडक घातला कीं, शस्त्रनियंत्रणाचा कायदा त्या देशाच्या ऐतिहासिक परंपरेशीं जुळला पाहिजे. तेव्हांपासून १३२८ चा नॉर्थम्प्टनचा कायदा, वसाहतींचे हुकूम, जुने मसुदे हे सर्व आजच्या खटल्यांत पुरावा म्हणून उभे राहूं लागले. २०२४ सालच्या रहीमी खटल्यांत आठ न्यायाधीशांनीं एकाविरुद्ध हा दंडक कांहींसा सैल केला: हुबेहूब पूर्वज नको, तत्त्वाचें साम्य पुरे. तरी दुर्मिळ कागदाचा एक तुकडा कोणाच्या हातीं बंदूक राहावी हें ठरवूं शकतो, ही स्थिति कायम आहे. आपण संग्रहाहक कागदाची नक्कल करतांना फाटकी कड, गळालेली ओळ व संशयित अक्षर जसेंच्या तसें दाखवितों. पुष्कळांस तें केवळ काटेकोरपणाचें वेड वाटतें. पूर्वार्ध गाळलेला पाठ भिंतीवर कोरला जातो, आणि त्याच्या बळावर झालेल्या कायद्यांखालीं माणसें मरतात, हें पाहिल्यावर तें वेड वाटूं नये.