गोळी कुणाला लागली?

डॉ. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हापासून आपल्या मंडळींच्या गप्पांत प्रस्थापित विज्ञानाला आव्हान देण्याचा विषय वारंवार निघतो. मग कुणीतरी ठासून सांगते की कृष्णद्रव्य हे थोतांड आहे, गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलला की झाले! नारळीकरांनी मात्र हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये आपला पर्याय मांडला तो गणितासकट. तीच अट इथेही लावू.

कसोटी आहे 'बुलेट क्लस्टर'ची. दीर्घिकांच्या दोन समूहांची ही टक्कर सुमारे पावणेचारशे कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. ऑकलंडच्या आकाशात ती कधी मावळत नाही, अर्थात नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. टकरीत तप्त वायू एकमेकांत अडकून मागे राहिला. दीर्घिका आरपार निघून गेल्या. नेहमीच्या द्रव्याचा मोठा हिस्सा या वायूतच असतो. पण पलीकडच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकतात यावरून वस्तुमान काढले, तर ते वायूपाशी नव्हे, दीर्घिकांपाशी भरले. डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे मांडताना लेखाच्या शीर्षकातच 'प्रत्यक्ष पुरावा' म्हटले.

तो शब्द मला घाईचा वाटतो. मिल्ग्रोम यांच्या १९८३ च्या सुधारित नियमाने एकेका दीर्घिकेचे फिरणे सुरेख जुळते. समूहांचा हिशेब मात्र तुटीत जातो, हे आधीपासूनच ठाऊक होते. ती तूट भरायला त्या पक्षातून सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रिनो सुचवले गेले. आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. पॅच लावणे हा गुन्हा नव्हे, आणि हा तर तपासता येण्याजोगा होता. जर्मनीतील कात्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा ०.४५ वर आणली. आता उरली पळवाट कुणालाही न सापडलेल्या 'वांझ' न्यूट्रिनोंची. म्हणजे अदृश्य द्रव्य नको म्हणून निघालेली वरात पुन्हा त्याच मांडवात!

नेहमीच्याच द्रव्याचे काळे गोळे हा आणखी एक पर्याय. टेकापोजवळच्या माउंट जॉनवर जपान-न्यूझीलंडचा 'मोआ' प्रकल्प १९९५ पासून ताऱ्यांच्या क्षणिक उजळण्यातून असे गोळे शोधू लागला. (नाव नामशेष पक्ष्याचे, प्रकल्प मात्र टिकला.) अशा पाहण्यांत गोळे हिशेबाला पुरतील इतके भरले नाहीत, ग्रह मात्र सापडले.

कृष्णद्रव्याच्या बाजूने असलेल्यांनीही फार ताठ बसू नये. त्यांचा कण आजवर एकाही प्रयोगशाळेच्या हाती लागलेला नाही.