पाच ओळींचा संगणक-धडा : एक परीक्षण

थोडीफार आज्ञावली लिहू लागलेल्या मुलांना पुढचा प्रश्न पडतो तो असा : आपली आज्ञावली दुसऱ्याला त्याच्या ब्राउझरमध्ये कशी वापरता येईल? त्यासाठी पायथॉन भाषेत 'फ्लास्क' ही हलकी चौकट अनेकदा सुचवली जाते. ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली एप्रिल फूलची गंमत म्हणून जे केले, त्यातून ती जन्मली. तिच्या अधिकृत माहितीतील 'जलद सुरुवात' आणि 'पाठमाला' हे दोन भाग शाळेत कितपत उपयोगी पडतात, ते पाहू.

पहिली जमेची बाजू म्हणजे थोडकेपणा. पाचच ओळींत पान दिसू लागते. अमुक पत्ता मागितला की अमुक फलन चालवायचे आणि त्याचे उत्तर परत पाठवायचे, एवढाच व्यवहार. मागणी आणि उत्तर ही वेबची मूळ कल्पना यात उघडी दिसते. सारे काही एकाच संगणकावर चालते, इंटरनेट बंद असले तरी चालते. वाचकाने भरलेला मजकूर जसाच्या तसा पानावर छापू नये, हा इशाराही 'जलद सुरुवात'मध्ये लगेचच येतो. हे उत्तम.

उणीव आहे ती उदाहरणात. पाठमालेत नोंदी लिहिण्याची वही करायला शिकवतात. तेथे नोंद करताना शीर्षक रिकामे नाही ना, एवढे पाहिले की भागते. नोंदीतला मजकूर बरोबर की चूक, हा प्रश्नच उद्भवत नाही. शाळेत मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा.

दापोली तालुक्यातील केळशीचे उदाहरण घेऊ. भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात भरतीची वेळ हा रोजच्या कामाचा विषय. कोकणात यासाठी जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथी भरायची एक चौकट, एक गुणाकार आणि उत्तराची एक ओळ : फ्लास्कमध्ये हे तासाभरात होईल. मुले खूश होतील.

आता यात पौर्णिमा, म्हणजे १५ भरा. उत्तर येते सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा भरा. उत्तर पाऊण वाजता. एका दिवसात भरती दीड तास पुढे गेली! प्रत्यक्षात ती रोज सरासरी ५० मिनिटे पुढे सरकते. चूक आडाख्यात आहे. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरती एकूण २४ तास मागे पडते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. रोजची ही तीन मिनिटे पंधरा दिवसांत ४५ मिनिटे होतात. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, म्हणून ती टिकली. ती वापरणारा कोळी पाण्याकडेही पाहत असतो. संगणकाला पाऊणपट करायची गरज नाही, त्याने चार-पंचमांश करावी. तरीही हिशेब कोणत्या वेळेपासून सुरू करायचा, हे बंदराबंदराला वेगळे असते. तो आकडा आज्ञावलीत सापडत नाही. घड्याळ घेऊन खाडीवर उभे राहावे लागते, किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावी लागतात.

पाठमालेत चाचण्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या चाचण्या आज्ञावली ठरल्याप्रमाणे वागते का, हे पाहतात. ठरवले तेच चूक असेल तर त्या हिरवा कंदील दाखवतात. कोणी तिथीच्या जागी ४० भरले, तर आमचे अ‍ॅप्लिकेशन निमूटपणे '३० वाजता' असे सांगेल. फ्लास्कच्या गाभ्यात अर्जातील माहिती तपासण्याची सोय नाही, ती आपण करायची असते. देवनागरीत '१५' लिहिले तर मात्र पायथॉनला ते पंधराच समजते, ही मराठी शाळेला सुखद गोष्ट.

शिक्षकांना आणखी एक सूचना. चुका शोधण्यासाठी दिलेली 'डीबग' सोय चालू असताना अ‍ॅप्लिकेशन शाळेच्या इतर संगणकांना खुले करू नये. त्या पडद्यातून दुसरा कोणी आपल्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकतो. माहितीपत्रात हा इशारा आहे, पण उत्साहाच्या भरात तो वाचायचा राहून जातो.

एकंदरीत, फ्लास्क शाळेत जरूर आणावे, पाठमालेतील उदाहरण मात्र बदलून घ्यावे. चूक निघू शकेल असा विषय निवडावा. छापील पानासारखे नेटके उत्तर पडद्यावर आले की मोठी माणसेही त्यावर विश्वास ठेवतात. आपण लिहिलेल्या उत्तरावर भरवसा ठेवून कोणी खाडी ओलांडेल, हे मुलांना कळणे पाच ओळी पाठ होण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.