झाकल्या जाणाऱ्या कामाची तपासणी : मेट्रो प्रकल्पांतील गुणवत्ता हमीची चिकित्सा

आय.एस.ओ. ९००० या मानकमालेत गुणवत्ता नियंत्रण आणि गुणवत्ता हमी यांत भेद केलेला आहे. नियंत्रणाचा रोख अपेक्षांच्या पूर्ततेकडे असतो, तर हमीचा रोख ती पूर्तता होईल असा विश्वास देण्याकडे. सार्वजनिक वाहतुकीच्या बांधकामांत हा विश्वास बहुतांशी कागदपत्रांवर उभा असतो आणि या पद्धतीची खरी उणीव तेथेच आहे.

या दृष्टीने मेक्सिको शहरातील मेट्रोचा १२ क्रमांकाचा मार्ग अभ्यसनीय ठरतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचा ओलिव्होस व तेझोन्को स्थानकांदरम्यानचा उन्नत भाग ३ मे २०२१ रोजी कोसळला व २६ जण मृत्युमुखी पडले. पोलादी गर्डर आणि त्यांवरील काँक्रीटचा स्लॅब यांनी एकजीव होऊन भार पेलावा, अशी तेथील रचना होती. ही एकजीवता गर्डरला वेल्ड केलेल्या स्टडांवर अवलंबून होती. डी.एन.व्ही. या संस्थेच्या चौकशीत काही ठिकाणी स्टडच आढळले नाहीत. अनेकांचे वेल्डिंग सदोष निघाले. त्याहून बोलकी बाब म्हणजे स्टडांच्या बुंध्याशी असलेली सिरॅमिकची कडी तशीच राहिलेली होती. वितळलेला धातू जागेवर धरून ठेवणे हे या कड्याचे काम. वेल्डिंगनंतर ते फोडून काढल्याशिवाय जोड नीट दिसत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी तेथे कोणी डोळ्यांनी पाहिले नसावे, याचा पुरावा अशा रीतीने स्लॅबच्या पोटातच शिल्लक राहिला. कोणत्याही नोंदवहीपेक्षा तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

अर्थात, सर्व दोष बांधकामकाळावर टाकणे एकांगी ठरेल. त्याच संस्थेच्या तिसऱ्या अहवालाने देखभालीच्या पाहणीतील उणिवांकडेही बोट दाखविले. तो अहवाल नगर प्रशासनाने २०२२ मध्ये अमान्य केला.

हाँगकाँगच्या हुंग होम स्थानकाचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले. सळयांची आटे पाडलेली टोके कपलरमध्ये पूर्ण न बसविता कापल्याचा आरोप तेथे झाला. पुढे चौकशीत तपासणीचे अर्जही मोठ्या संख्येने गहाळ असल्याचे दिसून आले. अखेर तयार काँक्रीट ठिकठिकाणी फोडून सळया पाहाव्या लागल्या. जीवितहानी झाली नाही, एवढाच दिलासा.

दोन्ही ठिकाणी नियमांचा अभाव नव्हता. झाकल्या जाणाऱ्या कामाची तपासणी झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये, हा अभियांत्रिकीतील जुना दंडक आहे. परंतु देयके कामाच्या प्रगतीशी आणि उद्घाटने राजकीय वेळापत्रकाशी बांधलेली असली, की काम थांबविणारा अभियंता अडथळा ठरतो. मुंबई, नागपूर व पुणे येथे उन्नत मेट्रोमार्ग उभे राहिले असताना आपल्याकडील निविदांचा अभ्यासही याच अंगाने व्हावयास हवा : काँक्रीट रोखण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, आणि त्याचे वेतन कोणाकडून येते?