एका रोगाचें नांव आणि एक लॅटिन काव्य

रोगांचीं नांवें वैद्यांनीं ठेवावयाचीं, कवींनीं नव्हेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ‘सिफिलिस’ हा शब्द तिला ठळक अपवाद आहे. ज्या रोगास आपल्याकडे उपदंश किंवा गरमी म्हणतात आणि ज्याचा उच्चार सभ्य घरांत सहसा होत नाहीं, त्याचें हें नांव एका काव्यांतून आलेलें आहे. हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नव्हे, असें कोणी म्हणेल; परंतु रोग्याला दोष देण्याची आपली खोड किती जुनी आहे, हें या काव्यावरून जसें कळतें तसें क्वचितच अन्यत्र कळेल.

इ. स. १४९५ मध्यें फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स यानें नेपल्स घेतलें. त्या स्वारीच्या सुमारास ही सांथ इटलींत पसरली. इटालियनांनीं तिला फ्रेंच रोग म्हटलें, तर फ्रेंचांनीं नेपल्सचा. पोलंडांत ती जर्मनांच्या नांवावर गेली, रशियांत पोलंडच्या. आणि तुर्कांनीं तिला ख्रिस्त्यांचा रोग ठरविलें. आमचा देशही याला अपवाद नाहीं. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत भावमिश्रानें ‘फिरंग’ याच नांवानें तिचें वर्णन केलें आहे. रोग सर्वांचा, नांव मात्र शेजाऱ्याचें!

अशा काळांत व्हेरोना येथील वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो याचें ‘सिफिलिस अथवा फ्रेंच रोग’ हें तीन सर्गांचें लॅटिन काव्य १५३० सालीं प्रसिद्ध झालें. व्हर्जिलच्या कृषिकाव्याचा आदर्श त्यानें समोर ठेविला होता. पहिल्या सर्गांत रोगाचीं कारणें व लक्षणें, दुसऱ्यांत पथ्य आणि पाऱ्याचा उपचार, तिसऱ्यांत अमेरिकेंतून आणलेल्या ग्वायाकम लांकडाची महती, अशी त्याची मांडणी आहे.

तिसऱ्याच सर्गांत ती प्रसिद्ध कथा येते. सिफिलस नांवाचा गुराखी अल्सिथस राजाचीं गुरें राखीत असे. उन्हाच्या तापानें गुरें मरूं लागलीं, तेव्हां त्यानें सूर्याची निर्भर्त्सना केली आणि त्याची पूजा टाकून राजाची पूजा आरंभिली. सूर्य कोपला, नवा रोग उत्पन्न झाला, पहिला बळी सिफिलसच पडला, आणि त्याच्यावरून रोगास नांव मिळालें. कवीला हें नांव कोठें सांपडलें, याविषयीं दोन तर्क प्रसिद्ध आहेत: ओव्हिडच्या काव्यांतील नायोबीचा पुत्र सिपिलस याच्यावरून तें घेतलें असावें, किंवा डुक्कर आणि प्रिय या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनविलें असावें. पहिला तर्क आम्हांस अधिक पटतो. कारण देवतेच्या अपमानाचें प्रायश्चित्त हाच नायोबीच्याही कथेचा गाभा आहे.

या काव्याचा मोठा गुण असा कीं, येथें गुराख्याचा अपराध कामवासनेचा नाहीं. पहिल्या सर्गांत उत्तर इटलींतील एका देखण्या तरुणाचा या रोगानें झालेला अंत कवि वर्णितो, तेव्हां त्याच्या स्वरांत धिक्कार नसून शोक आहे. तसेंच, काव्याच्या मथळ्यांत ‘फ्रेंच’ हा शब्द राहिला असला, तरी कवीनें घडविलेलें नांव कोणत्याही राष्ट्राचें नाहीं. आणि पुढें शास्त्रानें तेंच स्वीकारलें.

परंतु दोषही सांगितला पाहिजे. राष्ट्रांवरील आरोप पुसतांना कवीनें तो रोग्याच्या माथीं ठेविला. व्याधि म्हणजे शिक्षा, ही कल्पना कथेंत जशीच्या तशी उभी आहे. याच लेखकानें १५४६ सालच्या आपल्या संसर्गविषयक ग्रंथांत, रोग सूक्ष्म बीजांच्या द्वारें एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असें प्रतिपादिलें. तेथें कोप नाहीं, पाप नाहीं. काव्यापेक्षां गद्यांत त्याची दृष्टि अधिक निर्मळ झाली, असें म्हणणें प्राप्त आहे.

पुढें १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढला, आणि १९४३ पासून पेनिसिलिननें तो बरा होऊं लागला. सूर्याचा कोप शास्त्रानें शमविला; लोकलज्जा मात्र शमली नाहीं. तिच्यापायीं रोगी आपलें दुखणें लपवितो, उपचारास उशीर होतो, आणि गर्भांतील निरपराध बालकालाही आईपासून तें जडतें. त्या बालकानें कोणत्या देवाची निर्भर्त्सना केली होती? ज्या घरांत हें नांव उच्चारतां येतें, त्या घरांतील रोगी वेळींच वैद्याकडे जातो. फ्राकास्तोरोची कथा सुंदर आहे. ती कथा म्हणूनच वाचावी, निवाडा म्हणून नव्हे.