फवारणीची चिठ्ठी आणि गोळीची चिठ्ठी

परभणी जिल्ह्यात पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच वाळतात आणि गजकर्ण घरभर पसरते. मलमाने हटले नाही की पोटात घ्यायच्या गोळ्या येतात: फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन. त्यांच्यासोबतचा घडीचा कागद लेखन म्हणून कसा आहे, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

हा मजकूर नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे, असे त्यावर छापलेले असते. म्हणजे गोळी गिळणारा वाचकांत धरलेलाच नाही! डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नये, असा बारीक इंग्रजी इशारा पाकिटावर असतो. धोका कोणता, ते नाही. कागदावरच्या यादीत डोकेदुखी आणि यकृत निकामी होणे एकाच ठशात.

आता कृषी केंद्रात जाऊ. सोयाबीनवर फवारायचे टेब्युकोनॅझोल हे याच ॲझोल कुळातले. कीटकनाशक नियम, 1971 बुरशीनाशकांनाही लागू आहेत. त्यांनुसार माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही हवे आणि त्यात विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार हवेत. पिकाच्या औषधाला मराठी येते, माणसाच्या औषधाला येत नाही.

आमची मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. हा कागद कारण समजावत नाही. जिवाणूपेक्षा बुरशीची पेशी आपल्या पेशीला जवळची असते. ॲझोल औषधे बुरशीचे एर्गोस्टेरॉल बनवणारे विकर अडवतात. त्याच कुळातली विकरे आपल्या यकृतात इतर औषधांचा निचरा करतात. तीही अडली की दुसरी गोळी रक्तात साचते. मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत फ्लुकोनॅझोल घेतल्यास साखर एकदम घसरू शकते, ती यामुळे. इट्राकोनॅझोल कमजोर हृदयाला घातक ठरू शकते. आम्लपित्ताच्या औषधासोबत त्याची कॅप्सूल नीट शोषलीही जात नाही. टर्बिनाफिनने कधी चव जाते, क्वचित यकृताला इजा होते. केटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर तर यकृताच्या इजेमुळेच 2013 साली अमेरिकेने कडक मर्यादा घातल्या.

इशारे वाचून रोगी घाबरेल, गोळ्या अर्धवट सोडेल, असे म्हटले जाते. खाज थांबताच तो तशाही सोडतो. गडद लघवी, पिवळे डोळे, सततची मळमळ दिसल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. गरोदर बाईने विचारल्याविना घेऊ नये. एवढे ठळक मराठीत छापायला कितीशी शाई लागते? नववीच्या वर्गात दोन्ही कागद शेजारी ठेवावेत आणि गोळीचा कागद मुलांकडून नव्याने लिहून घ्यावा.