खानाच्या जनानखान्यातली तुळजापूरची मुलगी

अफझलखान म्हटलं की आपल्याला आठवतो शाहिराचा खान. धिप्पाड, कपटी, देवळं फोडणारा. त्याला घर असेल आणि घरी त्याची वाट पाहणारी माणसं असतील, हे आपल्या मनात येत नाही. फिलिप मेडोज टेलरच्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीत ते घर आहे, आणि कादंबरीचा जीव त्या घरातच आहे.

‘तारा’ 1863 साली आली. गुंजीकरांची मराठी ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने यायला अजून आठ वर्षं होती. शिवकाळावर एवढी मोठी कादंबरी लिहिणारा हा गोरा कप्तान 1824 साली, सोळावं सरायच्या आत, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करायला मुंबईत उतरला. पेढी डबघाईला आलेली. ओळखीतून निजामाच्या फौजेत जागा मिळाली. हा योगायोग महत्त्वाचा. कंपनीच्या पलटणीत गेला असता तर आयुष्य छावणीत गेलं असतं. निजामाच्या चाकरीत त्याच्या वाट्याला गावं आली, महसूल आला, ठगांचे कबुलीजबाब आले. त्यातूनच 1839 साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी झाली. पुढे सुरपूर संस्थानाचा कारभार, आणि 1853पासून नळदुर्ग जिल्हा. तुळजापूरला जाणाऱ्यांना नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल ठाऊक असेल. हा मुलूख टेलरच्या अमलाखाली होता.

‘तारा’ची नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची बालविधवा मुलगी. शिकलेली, आणि स्वतःला भवानीच्या सेवेला वाहून घेणारी. विधवेचं दुःख बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ या मराठी कादंबरीत 1857 सालीच मांडलं होतं; पण तिथे कथा सुधारणेच्या ओझ्याखाली वाकते. टेलरची तारा आधी माणूस आहे. तिचं घर पाहा: आई आनंदा आणि सावत्र आई राधा एकाच छपराखाली, आणि राधेचा भाऊ मोरो त्रिमल याची तारेवर वाईट नजर. संकट बाहेरून येण्याआधीच ते नात्यातून घरात शिरलेलं असतं. एकत्र कुटुंबाची ही वीण परक्या लेखकाला सापडावी, याचं नवल वाटतं.

मग खानाची फौज तुळजापुरात शिरते, देऊळ भ्रष्ट होतं. आणि त्या गदारोळात घरापासून तुटलेल्या तारेला आसरा मिळतो तो खानाच्याच जनानखान्यात. टेलरची खरी करामत ही. खानाची मुलगी जैना तिला बहीण मानते. खानाची बेगम लुर्ली ग्रहताऱ्यांची गणितं मांडत घरभर वावरते आणि वाचकाला हसवते. देऊळ फोडणारा हात आणि लेकीच्या डोक्यावरून फिरणारा हात एकाच माणसाचे. टेलर कुठेही हे बोलून दाखवत नाही. एका प्रकरणात लूट, पुढच्यात जेवणाची तयारी, एवढंच करतो. त्यामुळे प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडतो तेव्हा मराठी वाचकाची गंमतच होते: विजय आपला, आणि तरी लुर्लीचं काय होणार याची काळजी सुटत नाही.

उणिवा आहेत. मोरो त्रिमल उगाच काळाकुट्ट रंगवलाय. सती जायला निघालेल्या तारेला खानाचा मुलगा फाजल ऐनवेळी सोडवतो, ते कादंबरीपेक्षा नाटकाच्या पडद्याला शोभतं. शिवाय 1657, 1757 आणि 1857 अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या मांडायच्या, हा टेलरचा बेत. ‘तारा’ त्यातली पहिली, म्हणजे 1657ची. नंतर ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’. खान प्रत्यक्षात पडला 10 नोव्हेंबर 1659ला. आकड्यांची ही हौस इतिहासावर कुरघोडी करते. या साखळीचं शेवटचं टोक इंग्रजांच्या राज्यात आहे, हेही नजरेआड करून चालणार नाही.

तरीही ‘तारा’ वाचावी. टेलरच्या नोकरीत लढायांपेक्षा कज्जे, मोजण्या आणि अर्ज जास्त होते. दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घ्यायची सवय त्यातूनच लागते. निकाल त्याने इतिहासावर सोडला, साक्षी मात्र खानाच्या घरातल्याही नोंदवल्या. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला शत्रूचं शौर्य मान्य करणं जमलं; त्याचा संसार पाहणं अजूनही जड जातं.