संघर्षोत्तर समाजातील तडजोड, क्षमा आणि शांतता : जॉन ब्रूअर यांच्या समाजशास्त्रीय मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

शस्त्रे खाली ठेवली गेली आणि करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, म्हणजे शांतता प्रस्थापित झाली असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्याच्या घरातील माणूस मारला गेला तो आणि ज्याने मारला तो, असे दोघेही करारानंतर अनेकदा त्याच शहरात व त्याच बाजारपेठेत वावरत असतात. त्यांनी परस्परांशी कसे वागावे, याविषयी करार मौन पाळतो. हे मौन अभ्यासाचा विषय बनविणाऱ्यांमध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन डी. ब्रूअर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला आहे. त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनगटाने उत्तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका व श्रीलंका या तीन देशांतील हिंसापीडितांचा तौलनिक अभ्यास केला. या मांडणीचे बलस्थान आणि तिची मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनात्मक चौकट

‘पीस प्रोसेसेस : अ सोशिऑलॉजिकल अप्रोच’ (२०१०) या ग्रंथात ब्रूअर राजकीय शांतताप्रक्रिया आणि सामाजिक शांतताप्रक्रिया यांत भेद करतात. पहिली संस्था, निवडणुका व सत्तावाटप यांच्याशी निगडित असते. दुसरी तुटलेल्या सामाजिक संबंधांच्या पुनर्बांधणीशी. उत्तर आयर्लंडमध्ये हा भेद स्पष्ट दिसतो. सुमारे तीन दशकांत ३,५०० हून अधिक बळी घेणारा संघर्ष १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर मोठ्या प्रमाणात शमला. तथापि बेलफास्टमधील कॅथलिक व प्रोटेस्टंट वस्त्यांना विभागणाऱ्या भिंती २०२३ पर्यंत हटविण्याचे सरकारी उद्दिष्ट पूर्ण झाले नाही.

ब्रूअर यांच्या मांडणीत तडजोड म्हणजे पूर्वीच्या शत्रूशी सामाजिक संबंध निर्माण करण्याची व टिकविण्याची क्षमता होय. मराठीत ‘तडजोड’ या शब्दाला काहीशी माघारीची छटा आहे. ‘समेट’ दोन्ही पक्षांची संमती गृहीत धरतो, तर ‘सलोखा’ त्याहून पुढची, मने जुळल्याची अवस्था सुचवितो. ब्रूअर यांचा आशय यांपैकी कोणत्याही एका शब्दात पूर्णपणे सामावत नाही. कारण ते भावना आणि वर्तन यांची फारकत करतात. मनात राग असूनही माणूस सभ्यतेने वागू शकतो, आणि हे सभ्य वर्तनच दैनंदिन शांततेचा पाया ठरते. पीडितांनी क्षमा केलीच पाहिजे, ही बाहेरून लादलेली नैतिक सक्ती या भूमिकेमुळे सैल होते. क्षमेला व्यक्तीच्या अंतःकरणातून काढून समाजव्यवहाराच्या कक्षेत आणणे, हे या संशोधनाचे मोठे योगदान होय.

तुलनेतील विषमता

मात्र येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. वर्तन हाच निकष मानला, तर स्वेच्छेने केलेली तडजोड आणि नाइलाजाने पत्करलेले मौन यांतील फरक कसा ओळखावा? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पीडिताला नकार देता येतो काय, हा त्यासाठीचा निकष ठरू शकतो.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने सत्य व सलोखा आयोग स्थापन झाला. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यास माफी मिळू शकत होती. पश्चात्तापाची अट नव्हती. या तरतुदीला स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह इतरांनी आव्हान दिले. १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते फेटाळले. नकार निष्फळ ठरला, पण तो जाहीरपणे नोंदविता आला. उत्तर आयर्लंडमध्ये २०२३ च्या कायद्याने संघर्षकालीन गुन्ह्यांना सशर्त अभय देऊ केले, तेव्हा पीडित कुटुंबे न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने ही तरतूद मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत ठरविली.

श्रीलंकेची स्थिती वेगळी आहे. तेथील युद्ध वाटाघाटींनी नव्हे, तर मे २००९ मध्ये लष्करी विजयाने संपले. बेपत्ता व्यक्तींसाठीचे कार्यालय स्थापन करणारा कायदा २०१६ मध्ये झाला. तरीही आपली माणसे कोठे आहेत, एवढे विचारण्यासाठी तमिळ मातांना फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत रस्त्याकडेला आंदोलन करावे लागले. तडजोडीत दोन्ही पक्षांनी काही सोडणे अपेक्षित असते. जिच्या मुलाचा मृत्यूही मान्य केला गेलेला नाही, त्या मातेने आणखी काय सोडावे? विजयी सत्तेने काहीच सोडले नसताना पराभूतांच्या संयमाला शांतता म्हणणे, म्हणजे सत्तेचे दायित्व पीडितांच्या खांद्यावर ढकलणे होय.

समारोप

ब्रूअर यांच्या संशोधनाने पीडितांना केवळ करुणेचा विषय न मानता शांततेचे कर्ते मानले, हे त्याचे स्थायी मूल्य आहे. परंतु कर्तेपणात होकाराइतकाच नकारही अंतर्भूत असतो. क्षमा नाकारणारी माता शांततेची विरोधक नसते. अनेकदा सत्याची मागणी जिवंत ठेवणारी ती एकटीच उरते. त्यामुळे संघर्षोत्तर समाजाचे मोजमाप करताना किती जणांनी तडजोड केली, एवढेच पाहणे पुरेसे नाही. ती नाकारणाऱ्यांना त्या समाजात निर्भयपणे जगता येते काय, हेही तपासावे लागेल. या निकषाची जोड मिळाल्यास दैनंदिन शांततेची ही संकल्पना अधिक न्याय्य आणि अधिक विश्वसनीय ठरेल.